कपाळावरची रेघ

काका तीस वर्षांनी वर्गमित्रांना भेटणार होते. टक्कल कुणाला कळू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. विगवाल्याने टाळू स्पिरिटने पुसली, दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने विग बसवला आणि चिमट्याने त्याचे पुढचे केस उपटायला सुरुवात केली.

"अहो, मी केस लावायला आलोय, उपटून घ्यायला नाही!"

"साहेब, या वयात कपाळावर केसांची सरळ रेघ दिसली की चोरी पकडली जाते." त्याने दोन-चार पांढरे केसही ओवले.

भेटीत जुन्या बाकमित्राने काकांचं डोकं न्याहाळलं.

"अरेरे, विरळ व्हायला लागले की रे तुझे! वेळीच काहीतरी कर, नाहीतर माझ्यासारखा विग लावावा लागेल."

काकांनी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "तेल कोणतं लावू?"