तिसऱ्या कॉफीची चूक

मित्रांनो, मी एक जुनी जेझवा आहे. जेझवा म्हणजे कॉफी करायचे तांब्याचे भांडे. बूड रुंद, गळा अरुंद आणि दांडा चांगला वीतभर लांब. माझे वय पन्नाशीच्या पुढे आहे. अंगावर अकरा पोचे आहेत आणि त्यातल्या नऊ पोच्यांचे कारण मला ठाऊक आहे.

माझा जन्म सारायेवोच्या तांबटआळीत झाला. ज्याने मला घडवले त्याला आयुष्यभर ठोकाठोकी करून कमी ऐकू यायचे. गिऱ्हाईक घासाघीस करू लागले की तो म्हणायचा, "होय होय, ऊन छान पडलंय आज." त्याने मला बाहेरून ठोकले, आतून कल्हई केली आणि दारात टांगले. आमच्याकडे कल्हईला कलाय म्हणतात. तुमचा आमचा शब्द जवळजवळ एकच आहे, तेव्हा मला परकी समजू नका.

शेफिका माझी मालकीण. तिच्या मावशीने मला विकत घेतले आणि शेफिकाच्या लग्नात आहेर म्हणून दिले. अशी मी यायत्से गावी आले. आमचे घर धबधब्याच्या वरच्या चढावर आहे. आलेल्या माणसाला पहिल्या रात्री त्या आवाजाने झोप लागत नाही आणि आम्हाला त्या आवाजाशिवाय लागत नाही.

माझे काम सोपे नाही. पाणी दुसऱ्या भांड्यात उकळते. माझ्यात आधी कोरडी पूड गरम होते, मग तिच्यावर ते पाणी पडते आणि फेस गळ्यापर्यंत चढतो. त्या क्षणी मला उचलायला हवे. शेफिका गप्पा मारत असली तरी तिचा हात बरोबर त्या क्षणी यायचा. साखरेचा खडा कॉफीत बुडवून दातात धरायचा आणि बिनकानाच्या कपातून घोट घ्यायचा, अशी आमची पद्धत.

आमच्याकडे पाहुण्याला तीन कॉफ्या असतात. पहिली या-बसाची. दुसरी गप्पांची, ती कितीही लांबते. आणि तिसरी आली की पाहुण्याने ओळखायचे. तिचे नाव सिक्तेरुशा. 'सिक्तेर' म्हणजे चालते व्हा. तोंडाने कोणी कोणाला जा म्हणत नाही, कॉफी म्हणते. अलीकडची माणसे याला हसतात, पण आमच्या शेफिकाने चाळीस वर्षांत चुकून कधी तिसरी दिली नाही. दिली ती जाणूनबुजून, आणि बहुतेक वेळा नवऱ्याच्या भावालाच.

ब्याण्णव साली लढाईत गाव सोडावे लागले. शेफिकाने मला कोटाच्या खिशात कोंबले. दांडा बाहेरच राहिला. तिचा नवरा रासिम ओरडला, "अगं, ब्लँकेट घे! भांडं काय घेतेस?" ती म्हणाली, "ब्लँकेट कोणीही देईल. कॉफी विचारायला कोण येणार आहे?" तीन वर्षे आम्ही लोकांच्या घरी राहिलो. परत आलो तेव्हा छप्पर नव्हते, चूल होती. रासिमने घर पुन्हा उभे केले, वर तीन खोल्या बांधल्या आणि दाराशी पाटी लावली. पाहुणे येऊ लागले. ती माझी भरभराटीची वर्षे. दिवसाला चाळीस कप व्हायचे आणि मी जमिनीवर पाय ठेवत नव्हते.

मग रासिम वारला. मुलगा नेर्मिन कामासाठी ऑस्ट्रियात ग्रात्सला गेला. गंमत अशी की त्याची बायको अल्दियाना लहानपणी लढाईमुळे ग्रात्सला गेली होती, तिथेच वाढली आणि लग्न करून इकडे आली. म्हणजे ती तिथून इथे आली आणि तो इथून तिथे गेला. पोरगी गुणाची, कामाला वाघ. पण सासू-सून दोघींनी मिळून तीन खोल्या भरणे होईना. खाली तळ्याकाठी मोठे हॉटेल झाले होते आणि पाहुणे तिकडेच उतरत होते.

नेर्मिनने फोनवर सांगून टाकले होते. हा उन्हाळा असाच गेला तर ऑक्टोबरात तो गाडी घेऊन येणार आणि घराला कुलूप लावणार. अल्दियाना त्याच्याकडे जाईल आणि आई झेनित्सा शहरात आपल्या बहिणीकडे, पाचव्या मजल्यावर. तिथे लिफ्ट आहे, पण शेफिका लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नाही. माझे काय होणार हे कोणी बोलले नाही.

बोलणार तरी कशाला? तोवर मी भिंतीवर होते. नेर्मिनने ग्रात्सहून बटण दाबायचे कॉफीचे यंत्र पाठवले होते आणि माझी रवानगी दाराजवळच्या खिळ्यावर, प्लास्टिकच्या द्राक्षांशेजारी झाली. आतली कल्हई उडाली होती. पाहुणे माझ्यासोबत फोटो काढत. कौतुक खूप व्हायचे आणि काम काही नाही. मला त्याचा फार राग यायचा, हे मी लपवत नाही.

जूनमध्ये मेत्काबाई आल्या. या शेजारच्या देशातल्या, ल्युब्लियानाच्या एका साप्ताहिकात प्रवासाचे पान लिहितात. साठीच्या, उंच, पायाला चिकटपट्ट्या. त्यांचा आमचा देश पूर्वी एकच होता, तेव्हा शाळेत शिकल्यामुळे आमची भाषा फाडफाड बोलतात. त्यांनी चांगले लिहिले की लोक बॅगा भरतात, असे अल्दियानाने सासूला आदल्या दिवशी तीनदा सांगितले होते.

त्या जेवणाच्या टेबलाशी बसल्या आणि बूट काढले. अल्दियानाने यंत्राची कॉफी आणून ठेवली. मेत्काबाईंनी एक घोट घेतला.

"ही मी विमानतळावर प्यायले आहे," त्या म्हणाल्या. "आणि मोस्तारला. आणि तळ्याकाठच्या हॉटेलात काल. फार प्रवास करते बिचारी."

अल्दियानाचा चेहरा उतरला. शेफिकाने मात्र खुर्ची पुढे ओढली. "मोस्तारला काय पाहिलंत?"

"पूल. खोलीतून दिसतो असं छापलं होतं. दिसतो ना! कमोडवर उभं राहायचं आणि मान डावीकडे."

"आणि खाल्लं काय?"

"चार दिवस चेवापी, तेच ते भाजलेले खिम्याचे रोल. पाचव्या दिवशी वाढणाऱ्याने विचारलं, 'बाई, आज काहीतरी वेगळं?' मी म्हटलं, हो. त्याने चेवापी मोठ्या ताटात आणले."

शेफिका इतकी हसली की तिला ठसका लागला. मेत्काबाई रंगात आल्या. तळ्याकाठच्या हॉटेलात नाश्त्याला सात प्रकारचे चीज होते आणि सातांना चव एकाच फ्रिजची होती. गादी मात्र त्यांनी मानली. सारायेवोत खिडकीखाली रोज पहाटे कचरागाडी यायची आणि तिचा चालक गात असायचा. "गळा चांगला होता," त्या म्हणाल्या, "म्हणून तक्रार केली नाही." मग त्यांची नजर माझ्याकडे गेली.

"हिला का टांगलंय? शिक्षा केलीय का?"

शेफिकाचे हसू गेले. "कल्हई गेलीय तिची. तशी वापरली तर पोट बिघडेल माणसाचं."

"मग कल्हई करायची."

"करायची," शेफिका म्हणाली आणि टेबलावरचे कप उचलू लागली.

दुसऱ्या दिवशी मेत्काबाई गाव पाहायला गेल्या. धबधबा, किल्ला, दगडात कोरलेले तळघर, प्लीवा नदीवरच्या लहान लहान पाणचक्क्या. मी मात्र शेफिकाच्या पिशवीतून मुयागाकडे गेले. मुयागा आमच्याकडचा शेवटचा कल्हईवाला. त्याने मला उजेडाकडे धरून आत पाहिले आणि भडकला.

"शेफिका, लाज नाही वाटत? बाईमाणसाला उपाशी ठेवावं तसं केलंस हिचं!"

"कर रे कल्हई. भाषण नको देऊस."

"भाषण फुकट आहे," तो म्हणाला आणि भाता मारू लागला. मित्रांनो, निखाऱ्यावर अंग तापते, कथील वितळते, कापसाचा बोळा आतून फिरतो आणि क्षणात चांदणे पडते. सहा वर्षांनी मला माझेच पोट ओळखू आले नाही.

शनिवारी दुपारी मेत्काबाईंनी शेफिकाच्या हातचे खिमा भरलेले कांदे खाल्ले आणि वहीत दोन पाने भरली. मग मी चुलीवर चढले. फेस गळ्यापर्यंत आला आणि शेफिकाचा हात बरोबर त्या क्षणी आला. मला रडू येत असते तर आले असते.

पहिली कॉफी झाली. मेत्काबाईंनी डोळे मिटले आणि पायाखाली उशी मागितली. दुसरी कॉफी तासभर चालली. शेफिकाने रासिमची गोष्ट सांगितली, त्यांनी त्यांच्या घटस्फोटाची. शेवटी त्या म्हणाल्या, "शेफिका हानुम, मी आणखी दोन दिवस राहिले तर चालेल का? इथं लिहायला सुचतंय."

आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला हानुम म्हणतात. परक्या देशच्या बाईने ते आपणहून म्हटले म्हणून शेफिका हरखून गेली. पण नेमक्या त्या दोन दिवसांसाठी, कधी नव्हे ते, तिन्ही खोल्या दुसऱ्या पाहुण्यांना देऊ केलेल्या होत्या. "थांबा, बघून येते," म्हणत ती वरच्या गॅलरीत फोन करायला गेली.

इकडे अल्दियाना परसातून आत आली. तिला यातले काही ठाऊक नव्हते. तिने पाहिले की कप रिकामे आहेत, बाई खूश आहेत आणि मी अजून गरम आहे. ग्रात्समध्ये वाढलेली पोरगी. तिथे कप रिकामा दिसला की भरायचा, हाच पाहुणचार. तिने झटपट कॉफी केली, चांगले तबक काढले, शेजारी गुलाबाची मिठाई ठेवली आणि हसतमुखाने मेत्काबाईंपुढे नेली.

मी ओरडले असते. पण भांड्याला कोण विचारतो?

मेत्काबाई तबकाकडे बघत राहिल्या. त्या काही नुसत्या पाहुण्या नव्हत्या. सारायेवोतल्या मैत्रिणीने त्यांना तीन कॉफ्यांचे सगळे शास्त्र शिकवले होते. राहू का म्हणून विचारले आणि उत्तरादाखल सिक्तेरुशा आली. आणखी काय समजायचे? त्यांनी कप उभ्याने संपवला. "छान होती हं," एवढेच म्हणाल्या. वर गेल्या, बॅग भरली, खोलीचे पैसे चादरीवर ठेवले आणि मागच्या जिन्याने बाहेर पडल्या. अल्दियाना मला विसळत होती.

शेफिका आनंदाने खाली आली. "सांग त्यांना, राहा म्हणावं! मी त्या दुसऱ्यांना पुढच्या आठवड्यात बोलावलंय." मग तिने टेबलावरचा कप पाहिला. "हा कसला कप?"

"मी दिली ना आणखी एक. त्यांना आवडली होती."

"कितवी?"

"कितवी म्हणजे? तिसरी असेल."

शेफिकाने तो कप उचलून तिच्यासमोर धरला. "अगं सूनबाई, हाकललंस तू त्यांना! माझ्या दारातून! तिसरी म्हणजे काय, सांगितलं नव्हतं का तुला कोणी?"

"नाही सांगितलं!" अल्दियाना म्हणाली. "सहा वर्षं आहे मी इथं. यंत्राला पहिली-तिसरी कुठं असते, आई? तुम्ही तरी कधी केलीत माझ्यासमोर?"

अल्दियाना वर धावली आणि तशीच खाली आली. खोली रिकामी होती. ती दाराबाहेर पळाली आणि मी तिच्या हातातच राहिले. घरातल्या चपला, ओला ॲप्रन, हातात जेझवा. उतारावरून, पुलावरून, धबधब्याचे फोटो काढणाऱ्या माणसांमधून वाट काढत ती बसस्थानकापर्यंत धावली. वाटेत मी एका कठड्यावर आपटले. माझा अकरावा पोचा तो.

बस सुरू झालेली होती. मेत्काबाई पायरीवर होत्या.

"बाई, थांबा! मला ठाऊक नव्हतं!" अल्दियानाला धाप लागली होती. "मी ग्रात्सची आहे! म्हणजे इथलीच आहे. पण तिथली. तुम्हाला आवडली म्हणून दिली. आई तुम्हाला राहा म्हणतायत."

मेत्काबाईंनी तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. ड्रायव्हर म्हणाला, "बायांनो, कॉफी प्यायची असेल तर मलाही द्या. नसेल तर दार लावतो."

"तिकीट काढलंय गं, पोरी," मेत्काबाई म्हणाल्या. "आणि बन्या लुका शहरात माझी वाट बघतायत. जे घडलं ते लिहीन." दार लागले. बस गेली.

पुढच्या तीन आठवड्यांत अल्दियानाने ग्रात्सला न्यायच्या कपड्यांची एक पेटी भरलीसुद्धा. शेफिकाने तिला रोज तीन कॉफ्यांचा धडा दिला, आता उपयोग काय असे दोघींनाही वाटत असताना.

मग टपालाने साप्ताहिक आले. शेफिकाने चष्मा लावून एकेक शब्द मोठ्याने वाचला. कमोडवरून दिसणारा पूल होता, सात चीज होते. धबधब्याला तीन ओळी, तळ्याकाठच्या गादीला पाच. आमचे घर अगदी शेवटी होते. त्यांनी लिहिले होते: कांदे उत्तम, कॉफी त्याहून उत्तम, तिसऱ्या कपाला मला हाकलण्यात आले. ती चूक होती. हे सांगायला त्या घरची सून कॉफीचे भांडे हातात घेऊन बसपर्यंत धावत आली. मी सत्तावीस देशांत राहिले आहे. माझ्यामागे कुठल्याही हॉटेलातून कोणी धावत आले नव्हते.

अल्दियाना ॲप्रनमध्ये तोंड लपवून रडली. शेफिका रागावून म्हणाली, "रडतेस काय? वरच्या चादरी बदल."

खरेच लोक आले. मारिबोरहून, क्रान्यहून, एक कुटुंब तर थेट प्रागहून. सगळे बसल्याबरोबर विचारायचे, "आम्हालाही हाकलाल का?" शेफिकाला हे पटत नव्हते, पण निघायच्या दिवशी ती तिसरी देई. फोनवर सांगूनही नेर्मिनचा विश्वास बसला नाही, ऑक्टोबरात तो मोठी गाडी घेऊन आलाच. तिन्ही खोल्या भरलेल्या होत्या. तो चार दिवस स्वयंपाकघरातल्या बाकावर झोपला. तो निघताना एका पाहुणीने विचारले, "याला नाही का दिलीत तिसरी?"

"घरच्याला सिक्तेरुशा नसते, बाई," शेफिका मला पुसत म्हणाली. "घरची माणसं न हाकलताच जातात."

नेर्मिनने ते ऐकले. तो रिकामी गाडी घेऊन ग्रात्सला गेला आणि महिनाभराने स्वतःचे सामान भरून परत आला.

मित्रांनो, माझे मागणे लहान आहे. तुमच्या घरी एखादे भांडे शोभेसाठी भिंतीवर चढले असेल तर त्याला खाली घ्या, कल्हई करा, चुलीवर ठेवा. पोचे येतील, येऊ द्या. घरातल्या रीती नव्या माणसाला सांगा, त्याला त्या आपोआप कळणार नाहीत. आणि तुमच्या चुकीने कोणी दारातून गेले असेल, तर भांडे खाली ठेवत बसू नका. तसेच हातात घेऊन धावा.