आज चंद्र दिसणार नाही

डोंगरावरच्या वेधशाळेच्या गच्चीवर मी सुट्टीत लोकांना छोट्या दुर्बिणीतून आकाश दाखवायला लागले, तेव्हापासून गावात माझ्या शब्दाला वजन आलंय. मला ते फार आवडतं. त्याच भरात मी कासाब्लांकातल्या झिरीदादाला फोनवर सांगून टाकलं, "आज चंद्र दिसत नाही. ईद परवा. उद्याच्या बसने आरामात ये." दोन वर्षांनी येणार होता तो.

संध्याकाळी वेधशाळेतल्या खगोलशास्त्रज्ञ डॉक्टर बहीजा मोठ्या घुमटातून बाहेर आल्या, माझं चंद्राचं गणित बघून थांबल्या. "तिलिला, हे खालच्या मराकेशचं आहे, धुळीतलं. आपण किती उंचावर आहोत, बाई? इथे दिसेलसुद्धा."

कासाब्लांकाहून शेवटची बस चारलाच सुटली होती. माझा पाय एका जागी ठरेना.

सूर्य बुडाला. तोंडात खजूर टाकून अख्खं गाव पश्चिमेकडे बघत उभं राहिलं. दुर्बिणीतला चंद्र ईदला चालत नाही, नुसत्या डोळ्यांना दिसायला हवा. साक्ष घ्यायला काझींकडून लहसनसाहेब आले होते, आमच्या बोलीत सी लहसन. मी दुर्बिणीला डोळा लावला. केसासारखी रेघ. होता तो.

बाकी कुणालाच दिसत नव्हता. मी दुर्बिणीवर टोपण घातलं, काढलं, परत घातलं.

"चला, उद्याही रोजा," सी लहसन म्हणाले.

तूदा आत्याने मला कोपराने ढोसलं. तिला पलीकडच्या डोंगरावरची शेळी कानावरच्या डागासकट दिसते. "ए पंडितीणबाई, कुठे बघायचं ते तरी सांग. अख्खं आभाळ काय चाळत बसू?"

भलतीकडे बोट दाखवलं असतं तर दादा ईदला घरी असता.

"त्या सुळक्याच्या डावीकडे," मी म्हणाले. "दोन बोटं वर."

"आहे की." आत्याने खजुराची बी थुंकली. "नखाच्या कातरणाएवढा."

सी लहसनना दिसला, मग सगळ्यांनाच. त्यांनी लगेच काझींना फोन लावला. मी दादाला.

"ईद उद्या आहे, दादा."

"तुला तिथे झाडू मारायला ठेवलंय का ग?"

"एखादा ट्रक मिळतो का बघ ना."

"बघतो. आईला सांगू नकोस."

आई हातभर अंतरावर उभी होती. "झिरी ना? बसला का गाडीत?"

"नाही. मीच त्याला चुकीचं सांगितलं."

तिने फोन हिसकावून घेतला. त्या रात्री मी ट्रकचे दिवे दिसतात का बघायला रस्त्याच्या वळणापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले.