छपरावरचे अकरा टायर

छपरावरच्या टायरांना हात लावायचा नाही. का, ते विचारायचं नाही. या घरात चालायला लागलेल्या प्रत्येक मुलाला आधी गरम शेगडी दाखवायचे आणि मग अंगणात नेऊन छप्पर दाखवायचे. डार्सीलाही दाखवलं. ती तीन वर्षांची होती. तिने "का?" विचारलंच. आजोबांनी तिला काखोटीला मारलं आणि आत आणून बसवलं.

ते घर म्हणजे मी. मी चाकांवरचं घर बोलतोय. बोलतोय कसला, कुरकुरतोय. पंचेचाळीस वर्षं अमेरिकेतल्या वायोमिंगच्या वाऱ्यात उभा राहिल्यावर आवाज असाच निघतो.

माझा जन्म कारखान्यातला. तीन दिवसांत सांगाडा, भिंती, नळ, खिडक्या सगळं ठोकून मोकळे झाले आणि मला ट्रकच्या मागे बांधून रस्त्यावर काढलं. भिंती जेमतेम तीन बोटं जाड, आत काचेच्या कापसाचा पातळ थर, वर पत्रा. ट्रकला ओढता यावं एवढं मला हलकं ठेवायचं, ही त्या लोकांची काळजी. आत राहणारी माणसं गारठतील, ही नव्हे.

डार्सीचा आजोबा ऑर्विल तेव्हा कोळशाच्या खाणीत कामाला होता. त्याने आणि त्याच्या बायकोने, वर्नाने, मला या माळावर सिमेंटच्या ठोकळ्यांवर बसवलं. "दोन वर्षं राहू, मग पक्कं घर बांधू," असं दोघं म्हणाले होते. चाकांवरचं घर विकत घेणारे सगळेच असं म्हणतात. मी तेव्हापासून तसूभरही हललेलो नाही.

इथला वारा म्हणजे वाराच. पत्रा दिवसभर धडधडायचा, जेवताना एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं नाही. शेजारी होलिसचं घर होतं, माझ्यासारखंच. एके दिवशी होलिस सांगायला आला, "ऑर्विल, माझ्या पत्र्याची कड सुटलीय. जरा हात लाव, चार स्क्रू मारू." ऑर्विल म्हणाला, "जेवतो आणि येतो." त्याचं जेवण संपायच्या आत होलिसचं छप्पर रस्त्यापलीकडे जाऊन पडलं होतं. त्याच्या बायकोच्या खांद्याचं हाड मोडलं. ती दोघं परत इथे राहायला आली नाहीत.

दुसऱ्याच दिवशी ऑर्विलने खाणीतल्या छोट्या ट्रकांचे अकरा जुने टायर आणून माझ्या डोक्यावर मांडले. प्रत्येक टायर ठेवताना पुटपुटत होता, "आधी जायला हवं होतं." हे त्याने घरात कुणालाच सांगितलं नाही. डोकं माझं, म्हणून मला ऐकू आलं.

टायर ठेवल्यावर पत्रा गप्प झाला, हे खोटं नाही. सगळे शांतपणे जेवू लागले. पण माणसं एकदा आवाज थांबला की वर बघतच नाहीत. टायरांच्या वजनाने पत्र्याला खोलगे पडले. खोलग्यांत बर्फाचं पाणी साचलं, पाण्याने गंज धरला, गंजाने भोकं पाडली. आतला कापूस भिजला तो वाळलाच नाही. भिजलेल्या कापसात ऊब कसली राहणार?

खालून वेगळीच तऱ्हा. तळाला माझं पोट झाकणारी एक जाड चादर असते आणि तिच्या आत गरम हवेची नळी. एकदा पाण्याचा पाइप फुटला म्हणून ऑर्विलच्या मुलाने, ड्वेनने, ती चादर फाडली, पाइप जोडला आणि "उद्या शिवतो" म्हणून निघून गेला. त्या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली. घर तापवणारी भट्टी गॅस खात होती आणि निम्मी गरम हवा माझ्याखाली राहणाऱ्या सशांना मिळत होती. ससे मजेत होते.

आणि वरची माणसं काय करायची? भट्टी वाढवायची. भाजून झालं की ओव्हनचं दार उघडं टाकायची. खिडक्यांना प्लास्टिक चिकटवायची, दाराखाली टॉवेल कोंबायची. आणि एवढं करूनही गारठली की मलाच लाथ घालायची, "हे डबडं!" मी ऐकून घ्यायचो. दमलेल्याला दुसरं काय येतं?

मग या शरद ऋतूत डार्सी परत आली. गावातल्या कॉलेजात दोन वर्षं ती एकच विषय शिकली होती : घरातली ऊब घरात कशी राखायची. बाविसाची पोर, तोंडाने तिखट, हाताने त्याहून. ती आली तेव्हा वर्नाला श्वास पुरेनासा झाला होता. नाकात प्राणवायूची नळी, अंगावर तीन रजया, आणि डोक्यावरच्या छताला ओलीचा हा एवढा डाग. दवाखान्याची नर्स सांगून गेली, "ही खोली कोरडी आणि गरम करा. होत नसेल तर हिला गावातल्या वृद्धाश्रमात न्या. या खोलीत ही हिवाळा काढणार नाही."

ऑर्विल आणि ड्वेनने बसून ठरवलं : सोमवारी गाडी येईल, वर्नाला नेतील.

"आजी, तुला जायचंय का?" डार्सीने विचारलं.

"आजोबांना विचार गं."

"मी तुला विचारतेय! जायचंय का तुला?"

वर्ना रजईची कड चाचपत राहिली. "तिथे मी कुणालाच ओळखत नाही," ती म्हणाली.

डार्सी ताडकन उठली. बाह्या वर केल्या आणि सरपटत माझ्याखाली शिरली.

"कॉलेजात हेच शिकवतात वाटतं? घराखाली लोळायला?" ड्वेन वाकून हसला.

"हो. आणि फाडलेलं शिवायलाही शिकवतात, काका. तुमचा तो वर्ग चुकला."

दोन दिवसांत तिने नळीची भोकं बुजवली, नवी चादर ताणून बसवली. माझ्या पोटाला एकोणीस वर्षांनी ऊब लागली. तिसऱ्या दिवशी तिने कॉलेजातून मागून आणलेला एक मोठा पंखा माझ्या दारात घट्ट बसवला. तो आतली हवा बाहेर ओढायचा, आणि मग जिथे जिथे फट असेल तिथून बाहेरची हवा आत घुसायची. हातात पातळ कागदाची पट्टी धरून ती खोल्याखोल्यांतून फिरली. वर्नाच्या पलंगावर छताला होता त्या डागापाशी पट्टी उंचावली आणि ती अशी फडफडली, की पलंगावरून वर्ना म्हणाली, "बाई गं! हाच वारा माझ्या कपाळाला लागतो. मला वाटायचं, वय झालं."

"वय नाही, आजी. टायर."

शनिवारी शिडी फिरवत फिरवत तिने पत्र्याच्या चारी कडांना वीतभर अंतरावर नवे स्क्रू मारले. गळती काढतेय, असं समजून कुणी हटकलं नाही. रविवारी दुपारी टेबलावर चिलीचं, म्हणजे तिखट राजमा-खिम्याचं, पातेलं आणि दालचिनीचे गोड रोल होते. ड्वेन रोल चिलीत बुडवून खात होता. डार्सी उभ्यानेच म्हणाली, "उद्या सकाळी वर्गातली तिघं येतायत. ओला कापूस काढायचा, ऊब धरणाऱ्या जाड फळ्या टाकायच्या, वर नवं छप्पर. संध्याकाळपर्यंत खोली कोरडी. आज टायर उतरवते."

ऑर्विलचा चमचा थांबला. "टायर राहतील."

"का?"

"राहतील म्हटलं ना."

"का, आजोबा? मी तीन वर्षांची असल्यापासून विचारतेय."

"तू जन्मायच्या आधीपासून ते तिथे आहेत!"

"म्हणजे आधीपासून चूक केली की ती बरोबर होते?" ती बाहेर पडली आणि शिडी चढली.

दोघं तिच्यामागे धावले. ड्वेनने शिडी धरली. "खाली उतर, नाहीतर शिडी काढून घेतो. मग बस वर, माझी कॉलेजवाली!"

"न्या शिडी. रोलही संपवा, मला वर काही पाठवू नका."

"पोरी," ऑर्विल खालून ओरडला, "छप्पर उडालं तर? होलिसचं उडालेलं मी पाहिलंय. मी..." तो काय सांगणार होता, ते एका मलाच ठाऊक.

"होलिसचं उडालं ते स्क्रू सुटले म्हणून. याला एकशे बारा आहेत, मी माझ्या हाताने मारलेत. छप्पर स्क्रूंनी टिकतं, ओझ्याने नाही. या ओझ्यानेच ते कुजलं."

वर्ना कधी दारात येऊन उभी राहिली, कुणाला कळलं नाही. नाकातली नळी आतपर्यंत ताणलेली, खांद्यावर रजई.

मी म्हातारा झालोय. नवं छप्पर आलं तरी मी दहा-बारा वर्षांचाच सोबती. माझ्यासाठी कुणी काही करावं, असं मला वाटत नाही. पण ही बाई पंचेचाळीस वर्षं माझ्यात वावरली, माझी जमीन पुसली, मला एकदाही डबडं म्हणाली नाही. तिला माझ्यातून नेऊ नका, एवढंच मागणं आहे. मला मागता येत नाही. डार्सीला येत होतं.

"मी उतरणार नाही," ती वरून म्हणाली. "सोमवारची गाडी आली तर तीही रिकामी परत जाईल. टायर हवेत की आजी, ते आत्ता सांगा. आणि टायर हवेत म्हणायचं असेल, तर तिच्याकडे बघून म्हणा."

ड्वेनने शिडीवरचा हात काढून घेतला.

ऑर्विलने मान वळवून वर्नाकडे पाहिलं. वर्नाने नजर खाली घातली नाही. वरून डार्सी वाट बघत होती. ऑर्विलने दोन्ही हातांनी शिडी धरली आणि म्हणाला, "आधीच काढायला हवे होते. ढकल खाली."