बटणावरचा माणूस

शिरूरजवळच्या पिशव्या छापायच्या कारखान्यात एक रीत होती: रबरी रोलरला हात फक्त मशीनमास्तरने लावायचा. रबर मऊ, अंगठीचा ओरखडा उठला तरी प्रत्येक पिशवीवर तीच रेघ उमटायची. मास्तर फडक्याने रोलर पुसायचा आणि मदतनीस बटणावर बसायचा. बटण दाबून धरलं की रोलर सावकाश फिरतो, सोडलं की थांबतो. मास्तर "चल" म्हणाला की दाबायचं, "थांब" म्हणाला की सोडायचं. गाढवालाही जमावं असं काम, आणि निमोण्याचा जालिंदर ते वर्षानुवर्षं करत होता.

मारुतराव मास्तर निवृत्त झाले तेव्हा जालिंदर मनात मांडे खात बसला. शेठनी मास्तर केलं गोकुळला. इनामगावचा, मागाहून आलेला पोरगा. जालिंदरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यात गोकुळने बटणावर त्यालाच मागून घेतलं.

"जालूदादा असला म्हंजी मला घोर न्हाई," तो शेठसमोर म्हणाला. भोळा बिचारा!

एका दुपारी पुसताना फडक्याचं टोक रबर आणि लोखंडी सिलिंडरच्या मधे ओढलं गेलं.

"थांब!"

जालिंदरने ऐकलं. बहिरा नव्हता मेला. बोट उचलायचं होतं, बस्स. पण 'चेपू दे जरा बोटं, महिनाभर बसंल घरी' असं त्याच्या मनात आलं, आणि तेवढा वेळ बटण दाबलेलंच राहिलं.

"दादा, थांब!"

मग सोडलं. तोवर मनगट आत गेलं होतं.

रोलर सैल करून हात बाहेर काढला जालिंदरनेच. दवाखान्यातही त्यानेच नेलं. उजवा हात मनगटापासून कापावा लागला. "मशीनच्या आवाजात ऐकूच आलं न्हाई," असं तो प्रत्येकाला सांगत सुटला. गोकुळची बायको करुणा त्याच्या पाया पडली.

"तुम्ही हुता म्हणून माणूस हाती लागला, भाऊजी."

"भईनीसारखी हायस तू मला," असं म्हणून त्याने तिने दिलेला चहा बशीत ओतून भुरकला. निर्लज्जपणालाही काही हद्द असावी!

मास्तरकी जालिंदरला मिळाली. पेढे वाटून झाले. काही महिन्यांनी शेठना दयेचा पाझर फुटला.

"बटणाला एक हात बास झाला. गोकुळला तुझ्याच हाताखाली देतो. दोस्त हाय तुझा!"

 जालिंदरने नको म्हणावं, तर कारण काय सांगणार?

पाळी संपली. रोलर पुसायला त्याच्यावरची जाळी काढली. गोकुळ स्टुलावर बसला, उजवी बाही मोकळी लोंबत होती, डाव्या हाताचं बोट बटणावर.

"गोकुळ, थांब म्हणलं की सोडशील न्हवं?"

"त्या दिवशी आवाज नव्हता, दादा," गोकुळ शांतपणे म्हणाला. "मशीन सावकाश फिरत हुती. मला माझा श्वास ऐकू येत हुता."

जालिंदरने दाराकडे पाहिलं. शेठ तिथे उभे राहून दोघांकडे कौतुकाने बघत होते.

"म्हण की, दादा."

जालिंदरने फडकं रबरावर ठेवलं आणि "चल" म्हणाला.