कोकिळाच्या मांडवात फुटलेली पेटी

मित्रांनो, नांदुऱ्याच्या वंदनाकडे राहणारी मी एक जुनी बाजाची पेटी. अंग सागवानी, आवाज थोडा जाडसर. वंदनाच्या वडिलांनी मला चर्चमधल्या भजनांसाठी घेतलं होतं. त्यांच्या मागे मी तिची झाले.

रविवारी ती येशूची गाणी गायची, भाऊ कचरू ढोलकी धरायचा. गाणी तिची स्वतःची होती, पण चर्चबाहेर त्यांना कुणी विचारत नव्हतं. ऑर्केस्ट्रावाला म्हणाला, "आवाज सोनं आहे बाई, पन हे चर्चचं. लग्नात कोन ऐकते?" मग ती लग्नांत सिनेमाची गाणी गाऊ लागली. ते कळताच चर्चच्या वडीलधाऱ्यांनी तिला आणि मला दाराबाहेर काढलं. "नाचगाण्याची पेटी इथं नको."

उंद्रीला कोकिळा नावाच्या मुलीचं लग्न होतं, तिथे वंदनाला गायला बोलावलं होतं. नवरीनेच हट्ट धरला, "ताई, तुमचं सोताचं एक गानं म्हना ना." वंदनाने आईवरचं गाणं म्हटलं. शेवटच्या ओळीत येशूचं नाव आलं, आणि वऱ्हाडातली दारू प्यायलेली माणसं उठली.

"लग्नात धर्म वाटून राह्यली काय बे हे?"

कचरू आडवा आला. त्याच्या डोक्यात खुर्ची बसली, रक्त माझ्या पट्ट्यांवर सांडलं. एकाने मला उचलून आपटलं, दुसऱ्याने भात्यात पाय घातला. वंदनाने मला ओढायला उजवा हात पुढे केला, तर त्या हातावर बूट पडला. हाडं मोडल्याचा आवाज मी अगदी जवळून ऐकला.

मुंडावळ्या तोडून कोकिळा मधे उभी राहिली. "गानं म्या म्हनाले लावलं! आधी मले मारा! असं वऱ्हाड असन तर मले हे लग्नच नको!"

लग्न तिथेच मोडलं.

दवाखान्यात चर्चचे एक वडीलधारे आले. "तुले म्हनलं होतं ना, तिकडे जाऊ नको?"

वंदना म्हणाली, "मारलं येशूच्या गान्यापायी. तुमी बाहेर काढलं लग्नाच्या गान्यापायी. आता मी गाऊ कुठी, सांगा?"



मला दुरुस्त करून आता ती अंगणात गाते. कचरू भाता हलवतो, उजव्या हाताची बोटं वळत नाहीत म्हणून ती डाव्या हाताने वाजवते. ऐकायला कोकिळा येते, आणि चर्चमधलेही काही जण येऊन कुंपणाशी उभे राहतात.

मित्रांनो, गाणं आवडलं नाही तर खुशाल उठून जा. पण गाणाऱ्याचा हात तुडवू नका. माझ्या पट्ट्या बाजारात मिळाल्या. तिची बोटं कुठेच मिळाली नाहीत.