लाल प्रवाळावरचा समुद्रघोडा

चोले बेटाजवळच्या उपसागरात शोमारी पर्यटकांना पाण्याखाली घेऊन जायचा आणि फोटोही काढायचा. त्याला हे काम शिकवलं ते झुहुरानं; वयानं मोठी म्हणून सगळे तिला आदरानं बी झुहुरा म्हणत. तरुणपणी ती ओहोटीला खडकांवर ऑक्टोपस धरायची. पन्नाशीला आल्यावर डायव्हिंग शिकली आणि गेली दहा वर्षं तिथले समुद्रघोडे मोजत होती.

एका मंगळवारी शोमारीला समुद्री गवतात पिवळाधमक समुद्रघोडा दिसला. पण मागे सगळं गढूळ, फोटोत काही राम नव्हता. थोडं खाली, खडकावर पंख्यासारखं लाल प्रवाळ होतं. आसपास कोणी नाही असं बघून त्यानं त्या जिवाला चिमटीत उचललं आणि तिथे नेऊन ठेवलं. भेदरलेल्या समुद्रघोड्यानं शेपटीनं प्रवाळाला विळखा घातला. फोटो अप्रतिम आला.

तो डायव्हिंग केंद्राच्या भिंतीवर लागला, तेव्हा बी झुहुरा कितीतरी वेळ त्याच्यासमोर उभी होती.

"या प्रवाळावरच होता?"

"हो, तिथंच बसला होता," शोमारी म्हणाला.

"आणि मी वेड्यासारखी दहा वर्षं गवतच चाळतेय. पोरा, तू माझ्या पुढं गेलास."

दुसऱ्या दिवसापासून ती त्या खडकावर उतरायला लागली. शोमारी तिची टाकी भरून द्यायचा आणि गप्प बसायचा. तिसऱ्या दिवशी ती वर आली तेव्हा ओठ काळेनिळे पडले होते. शिडीवर तिचा गुडघा लटपटला. त्यानं हात धरून तिला होडीत घेतलं.

"नाही दिसला रे. डोळेच अधू झालेत माझे. उद्या परत बघू."

शोमारीला ते ऐकवेना.

"बी, तुमचे डोळे चांगले आहेत. तो तिथं नव्हताच. मी ठेवला होता."

"हातानं?"

"हातानं."

"मग परत गवतात सोडलास ना? त्यांना धड पोहता येत नाही."

शोमारीची मान खाली गेली. त्या मंगळवारी वर येताना तो सगळा वेळ कॅमेऱ्यात काढलेला फोटोच बघत होता. त्या जिवाचं पुढे काय झालं, हे आत्तापर्यंत त्याच्या मनातही आलं नव्हतं. नावाडी फकी उगाच दोर गुंडाळत बसला.

"पहिल्याच दिवशी बोलला असतास, तर लगेच जाऊन बघितलं असतं आपण," ती एवढंच म्हणाली.

सकाळी शोमारीनं भिंतीवरचा फोटो उतरवला. कॅमेरे घेऊन बसलेल्या पर्यटकांनी कारण विचारलं, तेव्हा त्यानं सगळं सांगून टाकलं. त्याचे कान तापले होते. एक जण हसून म्हणाला, "अहो, सगळेच करतात हे. मनाला लावून घेऊ नका." त्या दिलाशानं त्याला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारी तो बी झुहुराबरोबर गवतात उतरला. हात न लावता, तळाची वाळू न उडवता दोघांनी तासभर शोधलं. दोन समुद्रघोडे सापडले, दोन्ही तपकिरी. होडीत परतल्यावर तिनं थर्मासमधला आल्याचा चहा फकीला दिला, स्वतः घेतला, आणि जरा थांबून शोमारीकडेही पेला सरकवला. त्याच्याकडे बघितलं मात्र नाही.