भागीबाईने गाळलेलं नाव

भागीबाई तशी तोंडाची फटकळ. सुरगाण्याच्या बाजारात भल्याभल्यांना गप्प करायची. पण नवऱ्याचं नाव घ्यायचं म्हटलं की जीभ टाळूला चिकटलीच! बाईने नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं तिला आईने सांगितलेलं. बाप्तिस्मा झाला तरी ते काही धुऊन गेलं नव्हतं.

त्यात नवऱ्याने बाप्तिस्म्याला नाव घेतलं ते थेट येशूचंच. पुंजाचा इम्मानुएल झाला. आता बोला! दर रविवारी चर्चमध्ये सगळे मिळून येशूची नावं अर्थासकट म्हणायचे. येशू म्हणजे तारणारा, ख्रिस्त म्हणजे अभिषेक झालेला... आणि इम्मानुएल आलं की भागीबाईला हमखास खोकला यायचा. बाया पदराआड हसायच्या.

"दुसरं नाव नव्हतं का वो?" ती घरी येऊन चिडायची. "येशूची किती नावं हायती! उत्तम मेंढपाळ हाय, द्राक्षवेल हाय..."

"माणसाचं नाव द्राक्षवेल ठेवू व्हय?" तो हसायचा. "इम्मानुएल म्हंजी देव आमच्यासंगं. तिकडं पिंपळगावला द्राक्षाच्या बागेत कामाला गेलं का लय एकटं वाटतं गं. ह्या नावानं बरं वाटतं." त्यानंतर कुणी पुंजा म्हणून हाक मारली, तर तो वळूनही बघायचा नाही.

तुमच्यासंगं देव, आन माझ्यासंगं कोण? हे मात्र ती मनातच म्हणायची.

सत्त्याण्णव साली तो असाच बागेवर गेला, आणि इकडे पास्टरांनी तिला चर्चमध्ये उभं केलं. "भागीबाई, हे आधी देवाचं नाव आहे, मग नवऱ्याचं. आज खोकायचं नाही." सगळ्यांदेखत तिने डोळे मिटून ते नाव घेतलं. टाळ्या पडल्या. ती मात्र आईचं बोलणं आठवत घाईने घरी निघाली.

आणि त्याच आठवड्यात किराणा दुकानावर फोन आला. फवारणी करताना औषध चढलंय, पिंपळगावच्या दवाखान्यात ठेवलंय, शुद्ध नाही, लगेच या.

जीप भरल्याशिवाय ड्रायव्हर हलेना. ती चढली, उतरली, पुन्हा चढली. "अरे काढ की मेल्या!" नाशिकला एसटी धरली, तर तीही जागोजाग रेंगाळायला लागली. बाहेर बागाच बागा दिसत होत्या. तिच्या डोक्यात एकच घोळत होतं. मीच खाल्लं त्यांना. चार टाळ्यांसाठी नाव घेतलं आणि खाल्लं.

दवाखान्यात नर्स कावलेली होती. "विष उतरलंय, आता शुद्धीवर यायला पाहिजेत. पण डोळेच उघडत नाहीत. मुकादमाने सांगितलं म्हणून सकाळपासून पुंजा, पुंजा ओरडतेय. तुम्ही हाक मारा बरं."

"अवो," भागीबाई म्हणाली. "अवो, ऐकता का?"

काही नाही.

"बाई, नावाने हाक मारा ना! अवो तर इथे सगळेच आहेत."

"नाय जमायचं! एकदा घेतलं, त्याचंच हे झालं."

नर्स कपाळाला हात लावून निघून गेली. भागीबाई उठली, दारापर्यंत गेली, परत आली. त्याच्या पायाला हात लावला तर पाय गार. तिचा जीव थाऱ्यावर राहीना. किती एकटा पडला होता तो! एकटं वाटू नये म्हणून ज्याने नाव घेतलं, त्याला त्या नावाने हाक मारणारं तिथे कुणीच नव्हतं. मी सोडून, तिला वाटलं, आणि मी तोंड शिवून बसलेय. तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

"इम्मानुएल!"

अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला.

"इम्मानुएल! अवो इम्मानुएल!"

पापणी हलली. मग ओठ हलले. तिने कान खाली नेला.

"आगं... नाव काय घेती," तो पुटपुटला. "लोकं बघत्यात."

"बघू द्या," भागीबाई रडत म्हणाली. "इम्मानुएल, मी हाय हितं."